आत्याच्या चौऱ्याऐंशी खुणा

माझी आत्या बहिरी होती. दोन वर्षांची असताना तिला मोठा ताप आला. तो उतरला तेव्हा तिचे कान गेले होते, आणि मग बोलणंही आलंच नाही. आजोबांकडे त्या काळी मेंढरं होती. मेंढरांमागं फिरायला कान-तोंड लागत नाही म्हणून ती लहानपणापासून त्यांच्याबरोबर रानात. तिचं लग्न झालं नाही. मेंढरं विकली, धरणाचं पाणी आलं, पळसदेवचं जुनं गाव त्यात गेलं आणि आम्ही वरच्या अंगाला नव्या घरात आलो. तिथंही ती आमच्याबरोबरच राहिली. माझ्या आठवणीत आमच्या घरात आई, वडील, आत्या आणि मी अशी चारच माणसं.

वडील गावच्या शाळेत मास्तर होते. मी त्यांना आण्णा म्हणायची. ट्रेनिंग संपवून ते गावी आले, आणि मुलांना बाराखडी शिकवताना त्यांच्या मनानं घेतलं की आपल्या बहिणीलाही भाषा पाहिजे. मुक्या-बहिऱ्यांची शाळा जवळपास कुठं नव्हती. मग त्यांनी स्वतःच एक भाषा रचली. शंभर पानी वही, डाव्या पानावर शिसपेन्सिलीनं काढलेला हात, उजव्या पानावर त्याचा अर्थ. मेंढरू म्हणजे कानाजवळ वळवलेली मूठ. आई म्हणजे कपाळावर बोट. स्वतःची खूण त्यांनी फळ्यावर लिहिल्यासारखी केली होती, आणि आत्या त्यांना त्याच खुणेनं ओळखायची.

खुणा कमीत कमी ठेवायच्या, असा त्यांचा नियम होता. नवी वस्तू आली की आधी जुन्या खुणा जोडून भागतं का ते बघायचं. ट्रॅक्टर म्हणजे बैल आणि धूर. साखर म्हणजे गोड आणि पांढरं. मी बारामतीच्या कॉलेजात जायला लागले तेव्हा बारामतीला मोटार आणि पुस्तक अशी जोडखूण मिळाली. नरसिंहपूरला देव आणि वाघाचा पंजा. सगळ्या मिळून चौऱ्याऐंशी खुणा झाल्या आणि तिथं ते थांबले. पाहुणे आले की आण्णा वही काढून दाखवायचे. "चौऱ्याऐंशी खुणांत माझी बहीण संसार चालवती," म्हणायचे. आणि आत्या खरंच चालवायची. दूध किती, कोंबडी कुठं बसली, कोण आलं, कोण गेलं, सगळं सांगायची.

बी.ए. झाल्यावर मी पुण्याला भाषाविज्ञान शिकायला गेले. गावात तो विषय कुणाला सांगता यायचा नाही. आई सांगायची, "मराठीचंच कायतरी हाय." दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक बाई होत्या, पिकल्या केसांच्या, फार हळू बोलणाऱ्या. त्यांनी एकदा वर्गात सांगितलं की जगातल्या सगळ्या भाषांत सापडतील असे थोडे मूळ अर्थ आहेत, असं काही अभ्यासक मानतात. त्या अर्थांची आणखी फोड होत नाही. बाकीचे सगळे शब्द त्यांच्यातूनच समजावून सांगता येतात. बाईंनी फळ्यावर यादी लिहिली. मी, तू, कोणी, काही. चांगलं, वाईट. मोठं, लहान. हवं असणं, जाणणं, वाटणं, बघणं, ऐकणं, म्हणणं. आधी, नंतर. जगणं, मरणं. कारण. जर. यादी पन्नास-साठांच्या आत संपली. मग त्या म्हणाल्या, "दुसरीकडे काही हौशी माणसं स्वतःच अशा छोट्या भाषा रचतात. शंभर-सव्वाशे शब्दांत सगळं बोलून दाखवायचं म्हणतात. अशी एखादी रचलेली भाषा आणि ही यादी शेजारी ठेवून बघायला पाहिजे. माणूस मुद्दाम भाषा लहान करतो तेव्हा काय ठेवतो आणि काय टाकतो?"

मी हात वर केला आणि सांगितलं, माझ्या वडिलांनी अशी भाषा केलीय.

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "तुझा प्रबंधाचा विषय ठरला."

दिवाळीच्या सुट्टीत मी भिगवणवरून घरी आले ती यादीची कॉपी घेऊनच. पडवीत चटईवर एका बाजूला वही, एका बाजूला यादी. आत्या समोर लसूण सोलत बसलेली. आण्णांना आनंद झाला होता. विद्यापीठात आपल्या वहीचं नाव निघालं म्हणून त्यांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता. एकेक अर्थ मी वाचायची आणि ते वहीतलं पान काढून द्यायचे. मी, तू, हे, ते. एक, दोन, पुष्कळ. चांगलं, वाईट. भराभर जुळत गेलं. 'ऐकणं' नव्हतं, ते साहजिक होतं. 'हवं' आलं तेव्हा त्यांनी 'दे' हे पान काढलं. मी म्हटलं, "हे मागणं झालं आण्णा. नुसतं मनातून हवं असणं कुठाय?"

"हवं असलं की मागायचं. येगळी खूण कशाला?"

'जाणणं' नव्हतं. 'कारण' नव्हतं. 'का' हा प्रश्नच नव्हता. कोण, कुठं, किती एवढेच प्रश्न होते. 'मरणं' आलं तेव्हा आण्णांनी वही माझ्या हातातून घेतली आणि मिटून मांडीवर ठेवली.

"ती न्हाय केली," ते म्हणाले.

"राहिली का?"

"राहिली न्हाय. केली न्हाय." ते आत्याकडं बघत होते. ती लसूण सोलतच होती. "आमची आई गेली तवा ही आठ वर्षांची. मी पंधराचा. हिला त्या दिवशी आमच्या वडलांनी, आबांनी, मेंढरांकडं धाडलं. परत आली तर आई न्हाय. डाळज आईचं म्हायेर, म्हणून आमी तिकडं हात केला. गेली म्हणून. तर ही रोज डाळजच्या वाटंवर जाऊन उभी ऱ्हायची. सहा म्हयने. मग एक दिस आपसूक बंद झाली. इसरली. आता मी मरणाची खूण शिकवून काय करू? पुन्हा उकरून काढू?"

"आणि 'का'?"

"का शिकवला असता तर तिनं मलाच इचारलं असतं. का ऐकू येत न्हाय. का माझं लगीन केलं न्हाय. मी काय सांगितलं असतं?"

मी यादीतल्या 'मरणं' आणि 'कारण' यांच्यापुढं फुल्या मारल्या. खरं सांगायचं तर मला आतून आनंदच झाला होता. हातात घबाड लागल्यासारखं वाटलं. रचलेली भाषा, आणि तिच्यात नेमके हेच अर्थ नाहीत! परत पुण्याला गेल्यावर मी त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: 'या भाषेच्या एकमेव वापरकर्तीजवळ मृत्यूची संकल्पना व्यक्त करण्याचे साधन नाही, आणि तिच्या वागण्यावरून ती संकल्पनाही नसावी असे दिसते.' बाईंनी त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून समासात 'उत्तम' लिहिलं. आत्याला मी काहीही विचारलं नव्हतं. ती चार हातांवर बसली होती आणि मी वही तपासत होते.

प्रबंध पास झाला. मला बारामतीला एका कॉलेजात अर्धवेळ शिकवायचं काम मिळालं. तिथं खोली घेतली, शनिवारी घरी यायची. आण्णा रिटायर झाले. त्यांना दुसरी वही करायची होती, जोडखुणांची. ती व्हायची राहूनच गेली.

सत्त्याण्णव साली थंडी सरता सरता एका सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्यांची जीप मिळाली. ते स्वतःच्या पायांनी जीपपर्यंत चालत गेले. आत्या फाटकात उभी होती. तिला त्यांनी मोटार-पुस्तक अशी खूण केली, बारामती, आणि मग औषध. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा ते शुद्धीवर होते, बोलत होते, माझ्या तासांची चौकशी करत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी गेले.

वडिलांचे चुलतभाऊ, त्यांना सगळे तात्या म्हणायचे, ते सगळं बघत होते. त्यांनी मला दवाखान्याच्या व्हरांड्यात बाजूला घेतलं.

"तुझ्या आत्याचं काय करायचं? मयत बघून ती आरडाय लागली तर कोण आवरणार तिला? सांगायचं तरी कसं? तुमच्या वहीत तर तसली खूण न्हाय म्हणत्यात."

हे त्यांना माझ्याकडूनच कळलं होतं. प्रबंध पास झाला तेव्हा मी सगळ्यांना पेढे देताना सांगत सुटले होते.

"तुमी म्हणाल तसं तात्या," मी म्हटलं.

तात्यांनी माणूस पुढं पाठवला. मयत घरी पोहोचायच्या आत आत्याला देवदर्शनाला म्हणून नरसिंहपूरला नेलं. तिथं तात्यांच्या बहिणीचं घर होतं. आत्या तिथं आधीही गेलेली होती. दोन नद्यांच्या संगमावर, देवळाच्या घाटाच्या पायऱ्यांवर ती तासन्‌तास बसायची. तिला तिथं चौदा दिवस ठेवलं. दहावं झालं, तेरावं झालं, मांडव उतरला, मग तिला आणलं.

ती जीपमधून उतरली आणि हसतच आत आली. तिच्या हातात देवळातला प्रसाद होता. आई चुलीपुढून उठली. आत्यानं तिच्याकडं बघितलं. आईचं कपाळ उघडं होतं, गळा मोकळा होता, हातात बांगडी नव्हती. चौऱ्याऐंशी खुणांत आईची खूण कपाळावरच्या कुंकवाचीच होती, आणि तेच नव्हतं. आत्यानं बोट पुढं केलं आणि आईच्या कपाळाला लावलं. मग फळ्यावर लिहिल्याची खूण केली. आण्णा. कुठं?

आईनं माझ्याकडं बघितलं. मी आईकडं बघितलं. आईनं खूण केली: बारामती. औषध.

आत्यानं हातातला प्रसाद चुलीशेजारी ठेवला. मग माझ्यासमोर आली आणि तोच प्रश्न मला विचारला. मीही हात उचलले आणि तेच सांगितलं. मोटार. पुस्तक. औषध.

पुढचे पंधरा-वीस दिवस ती एक नवीनच गोष्ट करायला लागली. तळहात नाकाखाली आडवा धरायचा, थोडं थांबायचं, मग तो उलटा करून मोकळा दाखवायचा. आईला करून दाखवायची, मला करून दाखवायची, दूध घ्यायला येणाऱ्या बाईलाही. आई म्हणाली, "सर्दी झालीया तिला. नरसिंहपूरला गार पाण्यात बसली आसंल." आम्ही तिला आल्याचा काढा करून दिला. ती काढ्याकडं बघायची, आमच्याकडं बघायची, आणि पिऊन टाकायची. वहीत मी ती खूण शोधली. नव्हती. मग मीही सर्दीच समजले. भाषाविज्ञान शिकलेली बाई मी, आणि समोरचं माणूस काय म्हणतंय हे वहीत बघत होते.

एका रविवारी सकाळी गोठ्यात शेळीचं करडू मरून पडलं. दोनच दिवसांचं होतं. मी चहा घेऊन बाहेर आले तर आत्या त्याच्याजवळ उकिडवी बसलेली. तिनं तळहात करडाच्या नाकाखाली धरला. थांबली. मग हात उलटा करून मोकळा केला.

मी हातातली कपबशी खाली ठेवली.

ती उठून माझ्यासमोर आली. फळ्यावर लिहिल्याची खूण. मग तळहात नाकाखाली, थांबणं, मोकळा हात. आणि मग कुठल्याही प्रश्नाला करायची तशी हनुवटी वर उचलली.

इतके दिवस ती सरळ विचारत होती: भाऊ मेला ना? आणि आम्ही तिला काढा पाजत होतो.

मी मान हलवली. व्हय.

ती ओरडली नाही. तिनं हात उचलला आणि उलट्या हातानं माझ्या तोंडावर मारलं. एकदाच. ओठ दातावर आपटून फुटला. मग तिनं नरसिंहपूरची खूण केली, देव आणि पंजा, आणि दोन्ही हात माझ्यापुढं पसरले. पुन्हा देव, पंजा, पसरलेले हात. वहीत 'का' नव्हता, तरी तिनं तो विचारलाच. मला तिथं का पाठवलं?

उत्तर मला मराठीत येत होतं. तुला त्रास होईल असं आम्हाला वाटलं. तू आरडशील अशी भीती वाटली. तुला मरण कळत नाही असं मीच लिहून ठेवलं होतं. यातलं काहीही हातांनी सांगता येईना. 'कारण' नाही, 'वाटलं' नाही, 'जर' नाही. मी 'वाईट' अशी खूण केली आणि माझ्याकडं बोट दाखवलं. मी वाईट. तिनं ते बघितलं की नाही, माहीत नाही.

मला आणखी एक विचारायचं होतं, आणि तेव्हाच विचारायला नको होतं. मी कपाळावर बोट ठेवलं, आई, आणि मग तिच्याकडं दाखवलं. तुझी आई? तिनं एक हात दुसऱ्या हाताखाली धरला. ते जुनं गाव, पाण्याखालचं. ही खूण वहीत होती. मग 'पुष्कळ' अशी खूण करून गाल तळहातावर टेकवला: सगळी झोपलेली. मग तळहात नाकाखाली. थोडं थांबून हात मोकळा केला. मग बोट छातीवर आपटलं: मी. आणि एक बोट वर केलं: एक, एकटी.

म्हणजे आबांनी मेंढरांकडं धाडायच्या आधीच ती आईजवळ गेली होती. बाकीची उठायच्या आत. आठ वर्षांच्या पोरीनं आईच्या नाकाखाली हात धरून बघितला होता. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. मग ती डाळजच्या वाटेवर सहा महिने कशाला उभी राहत होती? हे मला आजही माहीत नाही. विचारायचं कसं तेही सुचलं नाही, आणि तिनं तोवर करडू उचललं होतं. ती ते पोटाशी धरून बांधाकडं गेली. कुदळ घेऊन मी मागून गेले, तर तिनं कुदळ घेतली आणि मला परत जा म्हणून हात केला.

त्या दिवसानंतर आत्यानं आण्णांच्या खुणा सोडल्या. कामं सगळी करायची. जनावरांचं करायची, भाकरी थापायची, जेवायची. पण आईनं 'जेव' म्हणून हात केला की ती दुसरीकडं बघायची. काही हवं असलं तर बोटानं दाखवायची, नाहीतर उठून घ्यायची. मी नव्या पानावर तळहात काढला, नाकाखाली धरलेला, खाली अर्थ लिहिला, आणि वही तिच्यापुढं धरली. तिनं ते चित्र नीट बघितलं. मग वही मिटली आणि फडताळात डब्यांमागं ठेवून दिली. मी ती परत काढली नाही.

पुण्याला जाऊन मी बाईंना भेटले. माझ्या प्रबंधातलं ते प्रकरण चुकीचं आहे, असं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "प्रबंध तर आता बदलता यायचा नाही. यावर वेगळा लेख लिही. खूप महत्त्वाचं आहे हे."

"तिच्यावर आता मला लिहायचं नाही," मी म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही. निघताना मात्र म्हणाल्या, "ते 'उत्तम' मी लिहिलं होतं. ते माझं मला आठवतंय."

घरी आई आणि आत्या दोघीच उरल्या. मी शनिवारी यायची तेव्हा बघायची, आई आत्याशी तोंडानं बोलत असायची. भाजी निवडताना, धुणं वाळत घालताना, अखंड. आण्णांचं, शेळ्यांचं, माझ्या लग्नाचं, स्वतःच्या गुडघ्यांचं. आत्या तिच्या ओठांकडं बघत असायची.

"तिला काय कळतंय आई?" मी एकदा म्हटलं.

"न्हाय कळत. पर मी आता तिच्याशी खोटं बोलत न्हाय," आई म्हणाली.

वर्षश्राद्धाला भाऊबंद जमले. या वेळी आत्या घरातच राहणार, पुढंच बसणार, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. ती विधी होईपर्यंत आईशेजारी बसली, पाठ ताठ, गुरुजींच्या हातांकडं बघत. मग पंगत बसली तेव्हा उठून वाढायला लागली.

तात्या पंगतीत होते. आत्या खिरीचं भांडं घेऊन त्यांच्यापुढं आली, तेव्हा ते पानावरून उठले. उष्टे हात तसेच जोडले आणि तिच्यापुढं मान खाली घालून उभे राहिले. सत्तरीचा माणूस. "चुकलो बाई," ते म्हणाले. सगळी पंगत बघत होती.

आत्यानं भांडं खाली ठेवलं. आपले हात जोडले आणि पाहुण्याला करतात तसा त्यांना नमस्कार केला. त्यांना माफी मागायची होती. तिला ते कळलं, की घरी आलेल्या माणसाचा नमस्कार तिनं नुसता परत केला, मला ठरवता आलं नाही. तिच्याविषयी ठामपणे काही सांगायची माझी हिंमत आता होत नाही. तात्या खाली बसले. आत्यानं भांडं उचललं, त्यांच्या पानात खीर वाढली आणि पुढच्या पानाकडं वळली.